पडद्याची गाडी

"ही नको," मोहनराव म्हणाले. "हिला बाजूच न्हाईत. वर ठिवली की अर्ध्या कोसावरून दिसंल."

सटवानं आपली बैलगाडी मागं घेतली. चौसाळ्याच्या बाजारतळावर सकाळपासून नापसंत झालेली ही तिसरी गाडी. पहिलीचं एक चाक डुगडुगत होतं. दुसरा बंकटचा छकडा, तो इतका तोकडा की सामान निम्मं बाहेर लोंबलं असतं. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती फटफटी मधोमध उभी होती, तुटलेली साखळी हँडलला अडकवून.

नवी साखळी हैदराबादेहून यायची, म्हणजे पंधरा दिवस गेले. तोवर फटफटी नांदूरघाटला घरी न्यायला हवी होती. पण नेताना ती गावातल्या एकालाही दिसता कामा नये, ही मोहनरावांची अट. कारण पंचक्रोशीतल्या या पहिल्या फटफटीपुढं बैलाची काय किंमत, हे त्यांनी पारावर बसून इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता तीच फटफटी बैलांच्या मागं बसून आलेली दिसली असती तर त्यांना पारावर पुन्हा बसताच आलं नसतं.

तसं घरात त्यांचं तोंड आधीच बंद झालं होतं. नागपंचमीला त्यांची बायको गीताबाई घरच्या दमणीत, छपराच्या हलक्या बैलगाडीत, बसून माहेरी गेली. तिचं माहेर चौसाळ्याच्या पलीकडं दोन कोसांवर. ती तिकडं असतानाच मोहनरावांनी दमणी विकली, दमणीचे बैल विकले आणि फटफटी आणली. मग तिच्यावर बसूनच ते बायकोला आणायला गेले. मागची बैठक गीताबाईंनी एकवार पाहिली आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर बसून मी गावात शिरायची न्हाई." मोहनरावांना हा आपल्या यंत्राचा अपमान वाटला. ते एकटेच परत आले. त्या दिवसापासून त्यांच्या आई, सुंदरबाई, त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, पण शब्द नाही. याला आता दोन महिने होत आले होते. आईचा अबोला मोहनरावांना आतून लई लागत होता. पण माघार घ्यायची म्हणजे फटफटी चुकली म्हणायचं, आणि ते काही त्यांच्यानं होत नव्हतं.

"मालक, माझी दमणी बघता का?" पेठेतले दुकानदार मन्मथप्पा म्हणाले. "घरच्या बायकांसाठी केलेली हाय. वर छप्पर, चारी बाजूंनी पडदा. आत काय हाय ते बाहेरच्याला कळायचं न्हाई."

मोहनरावांनी दमणीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हिरवा जाड पडदा ओढून पाहिला, बांधून पाहिला. खाली वाकून आस पाहिला. आत गादी होती, लोड होता. त्यांचा चेहरा उजळला.

"हीच," ते म्हणाले.

"गादीला तेल लागू देऊ नका म्हंजे झालं," मन्मथप्पा म्हणाले. "न्हाईतर आमची घरधनीण शांतादेवी मला घरात घ्यायची न्हाई."

पुढचं चाक काढून, गादी गुंडाळून, चौघांनी फटफटी आत सरकवली. पडदा घट्ट बांधला. सटवा हाकायला बसला आणि मोहनराव बाजूनं चालू लागले.

वाटेत त्यांना आपल्या निवडीचं कौतुक वाटत राहिलं. समोरून येणारे लोक पडदा पाहून खाली मान घालून कडेला होत. एकजण तर घोड्यावरून उतरला. नाक्यावरच्या शिपायानं पाठ फिरवली आणि म्हणाला, "जाने दो, जनानी सवारी है." मोहनराव गालातल्या गालात हसले. अशी चोख गाडी सबंध बीड जिल्ह्यात सापडली नसती.

नांदूरघाटच्या वेशीजवळच्या विहिरीवर छबुबाई पाणी शेंदत होती. तिनं पडद्याची दमणी पाहिली. बाजूनं खाली मान घालून चालणारे मोहनराव पाहिले. आणि भरली घागर तिथंच ठेवून ती गावात पळाली.

मोहनरावांना याचा अर्थ लागेपर्यंत उशीर झाला होता. गल्लीत दारोदार बायका उभ्या होत्या. पार रिकामा झाला होता, कारण पारावरची सगळी माणसं मोहनरावांच्याच दारात येऊन थांबली होती. फटफटी पहिल्यांदा गावात आली तेव्हासुद्धा एवढी गर्दी जमली नव्हती. आणि उंबऱ्यावर, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन, सुंदरबाई उभ्या होत्या. धावपळीनं त्यांचा पदर खांद्यावर आला होता आणि डोळे भरले होते.

"आई, थांब जरा," मोहनराव पुटपुटले.

सुंदरबाई थांबल्या नाहीत. त्यांनी भाकरतुकडा दमणीवरून ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, पडद्याची गाठ सोडली आणि सुनेला हात द्यायला आत हात घातला. हाताला गार लोखंड लागलं.

पडदा बाजूला झाला. आधी कुणाला काही कळेना. मग पारावरचं एक माणूस खोकलं, दुसरं हसलं, आणि हसू गल्लीभर पसरत गेलं. मोहनराव धोतराचा सोगा हातात धरून उभे राहिले. पण त्यांचं लक्ष त्या हसण्याकडं नव्हतं. ते आईच्या हाताकडं पाहत होते. तो अजून आतच होता.

"मालक," सटवानं हळूच विचारलं, "माल उतरवायचा का?"

सुंदरबाईंनी हात काढून घेतला. डोळे पुसले. मग त्यांनी बैल पाहिले, छप्पर पाहिलं, गुंडाळलेली गादी पाहिली आणि पडद्यावरून एकदा हात फिरवला.

"उतरव," त्या म्हणाल्या. मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या लेकाकडं वळल्या.

"बैलांला पानी दाव, गादी नीट अंथर, अन् तशीच वळीव. गाडी बरोबर निवडलीस, बाबा. माल तेवढा चुकला."