अचूक वेळ

आमच्या कॉलनीत आठव्या दिवशी पाणी येतं. नेमकं कधी, ते फक्त व्हॉल्व्ह सोडणाऱ्या काकासाहेबांना ठाऊक. म्हणून कॉलनीनं ॲप बनवायला दिलं.

क्रांती चौकातल्या कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर श्रीनिवास. त्यानं चौदा मीटिंगा घेतल्या, रंगीत तक्ते दाखवले, काकासाहेबांना एकदाही बोलावलं नाही. शेवटी तेच बिचारे आपणहून गेले.

"साहेब, लाईट गेली की पाळी सरकती. तेवढं त्यात घाला."

"काका, ही सिस्टीम आहे. तुम्हाला नाही कळायचं," लॅपटॉपमधून मान वर न करता श्रीनिवास म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात ॲपमध्ये पाणी आलं, नळाला नाही. बायका सकाळभर रिकामे हंडे घेऊन बसल्या. श्रीनिवासनं दोन महिने वाढवून घेतले आणि नवं ॲप घेऊन तो कॉलनीच्या सभेत उभा राहिला.

"आता चूक होणं शक्यच नाही. बटण दाबा, खरी वेळ कळेल," असं म्हणत त्यानं मोबाइलवरचं निळं बटण ऐटीत दाबलं.


मागच्या खुर्चीवर बसलेल्या काकासाहेबांच्या खिशातला फोन वाजला.