हेकरूची आठवण

सागरी महामार्गाने चार तास गाडी चालवून चित्रलेखाने बाबांना मत्स्यालयात आणलं. बोट भंगारात काढल्यापासून जनार्दन तांडेलांनी जिवंत मासा पाहिलाच नव्हता. समुद्रात उरला होता कुठे?

भल्यामोठ्या काचेमागे एकच म्हातारा हेकरू मासा पोहत होता. यंत्राने टिपलेल्या त्याच्या मेंदूतल्या आठवणी वरच्या पडद्यावर उमटत होत्या. आधी खडकाभोवती माशांच्या झुंडीच्या झुंडी दिसल्या. मग काळ्या पाण्यावर लख्ख दिवे पेटले आणि सगळे मासे उजेडाकडे धावले.

जनार्दन घाईने म्हणाले, "चल गो बाय, पाय दुखतत माझे."

"थांबा हो बाबा. बघू तरी कोण मेले दिवे लावून मासे ओरबाडायचे. तुम्ही नाही कधी तसलं पाप केलंत."

तेवढ्यात पडद्यावर जाळं आवळणारी बोट अगदी जवळ आली. तिच्यावर रंगवलेलं नाव काचेपुढे बसलेल्या शाळेच्या पोरांनी एका सुरात वाचलं, "चित्रलेखा!"

तिने बाबांचा हात सोडला.

"बोटीला माझं नाव दिलंत म्हणून गावभर मिरवले मी," ती हळूच म्हणाली.

पडद्यावर आता नुसतं रिकामं पाणी होतं. जनार्दन त्यावरच नजर खिळवून उभे राहिले.