सुरंगाला श्रद्धांजली

पडद्यावरच्या सुरंगानं दारूचा ग्लास भिंतीवर फोडला आणि पाचव्या रांगेत बसलेल्या शालनबाईंनी पदर मुठीत आवळला. दारूचा वाससुद्धा त्यांना सोसत नव्हता. पण सांगणार कुणाला? ही गाजलेली नटी सुरंगा म्हणजे आपल्या पिंपळे गुरवच्या शालनबाई, हे थिएटरातल्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं.

रणजीतभाऊंना येत्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं. म्हणून त्यांनी वॉर्डातल्या महिलांसाठी चिंचवडच्या थिएटरात सुरंगाच्या आयुष्यावरच्या नव्या सिनेमाचा मोफत खेळ ठेवला होता. आधी हळदीकुंकू, मग सिनेमा, शेवटी पैठणीचा लकी ड्रॉ. शालनबाईंनी गुडघेदुखीचं निमित्त काढून पाहिलं, पण सून वर्षाली ऐकेल तर शपथ! रिक्षा दारात उभी करूनच ती आत आली होती.

सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' अशी पाटी आली आणि तिच्या पाठोपाठ सुरंगाचं नाव, चांगलं ढळढळीत. काल्पनिक म्हणे! मग काय काय नाही दाखवलं! दारू, भानगडी, न्हाणीघरातलं एक लांबलचक गाणं.

"लई वंगाळ बाई व्हती म्हनायची," शेजारच्या कौशल्याबाई कुजबुजल्या.

शालनबाईंनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

जे खरं घडलं होतं, ते मात्र सिनेमात कुठंच नव्हतं. आईच्या चितेजवळ फोटोवाले ओरडले होते, "मॅडम, उजेडाकडे तोंड करून परत एकदा रडा ना." सुरंगानं सिनेमा सोडला तो त्या दिवशी. पुढं आकुर्डीच्या कंपनीत फिटर असलेल्या दत्तोबांशी लग्न केलं आणि शालन हे आईबापांनी ठेवलेलं नाव पुन्हा लावलं. केस पिकले, अंग सुटलं, चष्मा लागला, लोक विसरले. दत्तोबांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी मरेपर्यंत कुणापाशी ब्र काढला नाही. मुलाला, शेखरलाही दोघांनी कधी सांगितलं नाही.

आता भीती एकाच गोष्टीची होती. सिनेमावाले सुरंगाचा ठावठिकाणा शोधताहेत, असं गेल्या वर्षी पेपरात आलं होतं. शेवटी पडद्यावर पत्ता झळकला तर? उद्या दारात कॅमेरे, शेखरच्या चाकणच्या कंपनीत कुजबुज, आणि आजीचं म्हणून ते न्हाणीघरातलं गाणं नातीच्या मोबाईलवर. सिनेमा संपत आला तसे शालनबाईंचे हात गार पडले.

आणि पडद्यावरची सुरंगा मेली.

लहानशा खोलीत, साध्या खाटेवर. मरण्याआधी तिनं मिरी घातलेला कोरा चहा मागितला, दोन घोट घेतले आणि मान टाकली.

शालनबाई दचकल्या. मिरी घातलेला कोरा चहा! हे यांना कुणी सांगितलं? त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर कुणाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

दिवे लागले. रणजीतभाऊंनी आदल्या दिवशीच सिनेमा पाहून फ्लेक्सवाल्याला कामाला लावलं होतं. पडद्यापुढं भला मोठा फ्लेक्स उभा राहिला. 'महान अभिनेत्री सुरंगा यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. वर सुरंगाचा तरुणपणीचा फोटो आणि खाली तिच्याहून मोठा रणजीतभाऊंचा. दोन मिनिटं सगळ्या बायका उभ्या राहिल्या. मग ज्येष्ठ महिला म्हणून कौशल्याबाईंना हार घालायला पुढं बोलावलं.

"शालन, तूच घाल गं. माजा हात न्हाई पोचत," कौशल्याबाई म्हणाल्या.

शालनबाईंनी स्वतःच्या फोटोला हार घातला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. मेलेल्या बाईचा पत्ता कोण शोधत बसतं? त्यांना हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक कार्यकर्ता लगेच मोबाईल रोखून पुढं सरसावला. त्याच्या आधी वर्षाली मध्ये येऊन उभी राहिली.

"राहू द्या हो, भाऊ. त्यांना नाही आवडत."

परतीची रिक्षा पिंपळे गुरवकडे वळली. मग शालनबाईंनी हळूच विचारलं, "वर्षाली, ते चहाचं त्यांना कुणी सांगितलं गं?"

वर्षाली बाहेर बघत राहिली. "गेल्या वर्षी तुम्ही भजनाला गेला होतात, तेव्हा ती सिनेमावाली माणसं आली होती. त्यांनी सुरंगाचा एक जुना फोटो दाखवला. हसू अगदी शेखरचं. मी म्हटलं, आमच्या लांबच्या सासूबाई होत्या त्या, इथंच राहायच्या, गेल्या."

मग ती ओशाळली. सासूचा गार हात तिनं आपल्या हातात घेतला.

"चहाचं सांगायला नको होतं, आई. पण त्यांना खरं वाटायला एक तरी गोष्ट खरी सांगायला हवी होती ना!"