कार्ड चालू आहे

कंपनीच्या आरोग्य विम्यात नावं घालायची-काढायची मुभा वर्षातून एकच आठवडा असे, आणि त्या आठवड्यात विम्याचा कारकून शिलाई विभागातल्या मावशींशी दरवर्षी हुज्जत घालायचा. मावशींचा मुलगा भांडून घर सोडून गेला त्याला चार वर्षं झाली होती. ना पत्ता, ना फोन, आणि त्याच्या नावाचा हप्ता मात्र मावशींच्या पगारातून बिनबोभाट कापला जात होता.

“जाताना खिशात विम्याचं कार्ड तेवढं होतं रे त्याच्या,” मावशींचं ठरलेलं उत्तर. “ते बंद पडायला नको.”

यंदा मात्र त्या खुर्चीत टेकल्या आणि आपण होऊनच म्हणाल्या, “काढून टाक नाव. किती वर्षं मनाची समजूत घालायची?”

इतकी वर्षं हेच सांगणाऱ्या कारकुनाचा हात आता जड झाला. तरी त्याने बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: ‘नाव काढता येत नाही. या सदस्याचं बिल मंजुरीसाठी आलेलं आहे.’

बिल गेल्या मंगळवारचं होतं. कुठल्याशा लांबच्या गावात, डोळे तपासून चष्मा दिल्याचं. कारकुनाने पडदा मावशींकडे वळवला.

मावशींनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं.

“लागलाच ना शेवटी चष्मा गाढवाला!” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून ओरडत होते, पुस्तक नाकाला लावून वाचू नकोस म्हणून.”