भागीरथाची हाक

बायकोची, भागीरथाची, तेरवी आटोपली, तरी रूपराव ओसरीवरून उठायला तयार नव्हते. आर्वीच्या गाडीला निघालेली त्यांची बहीण मनकर्णा शेवटी पिशवी खाली ठेवून त्यांच्यापुढे बसली.

"दादा, काऊन जीवाले खाऊन राह्यला? वयनी सुटली, तूई सुटला. इतकी वर्षं न्हाऊ घातलं, घास भरवले, अन् ते तुले वळखे बी नाई! तुलेच इचारे, आमच्या घरचे कुठी गेले म्हणून. मंग दारात उभी राहून साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी वरडे, 'रूपराव, अवो रूपराव, या ना जी घरी!' आमाले तर लाज वाटे बाप्पा."

रूपरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मनू, लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. मंग साऱ्या जन्मात तिनं माहं नाव तोंडातून काढलं नाई. नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हने. मी परका झालो, तवा कुठी आयकाले भेटलं."

मग दाराकडे न बघता ते हळूच म्हणाले,

"तिचं जेवणखाण झालं का मी मुद्दाम इथं येऊन बसो. ते अजून एक डाव मले हाक मारीन म्हणून."