शंभर वाक्यांची आई

शैलजाताईंची स्मृती आजाराने पुसत चालली होती. मेंदूत बसवायच्या चिपमध्ये त्यांच्या आयुष्याची फक्त शंभर वाक्यं मावणार होती आणि ती त्यांच्या मुलीने, केतकीने, लिहायची होती.

"सारांश लिहा," डॉक्टर म्हणाले. "ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही, ते गाळा."

केतकीने आईचं लग्न लिहिलं, शाळेतली नोकरी लिहिली, नातवंडं लिहिली. सातव्या वर्षी नदीत बुडालेल्या पुष्करपाशी मात्र तिचा हात थांबला. केतकीच्या या धाकट्या भावासाठी आई तीस वर्षं झुरली होती. शेवटी केतकीने त्याला गाळलं.

चिप बसवल्यावर आईने तिला लगेच ओळखलं आणि कित्येक वर्षांनी ती मोकळेपणाने हसली.

"रडतेस कशाला गं?"

"काही नाही, आई."

पुष्करची आठवण काढायला आता केतकी एकटीच उरली होती.