गाडीतली जागा

पाय गेल्यापासून पुतळाबाईंचं जग तेर गावातल्या घराच्या ओसरीपुरतंच उरलं होतं. बुद्धघोषनं आईला पुण्याकडचं पाळण्यांचं पार्क दाखवायला मोठी गाडी भाड्यानं केली. सुतळीनं माप घेऊन, मागचं सीट पाडून तिची अपंगांसाठीची नवी बॅटरीची स्कूटर आत बसवली.

तेवढ्यात धाकटी जाऊ लेकरांसकट नटून दारात हजर. “गाडी केलीच हाय तर रिकामी कशाला न्यायची, आक्का?”

दारात आलेल्यांना नको कोण म्हणणार? सगळे बसायला लागले आणि एका माणसाची जागा कमी पडली. बुद्धघोष स्कूटर उतरवायला लागला.

“राहू दे रे,” पुतळाबाई म्हणाल्या. “स्कूटरबिगर म्या तिथंबी गाडीतच बसणार. त्यापरीस म्या घरी ऱ्हाते, तिलाच न्या. लेकरं तरी फिरतील तिच्यावर पाळीपाळीनं.”